ही पिशवी जरा सांभाळता का?

या अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी बाकीची मंडळी निवृत्त झालेली, निदान केस पिकलेली असणार. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि ज्या कामाबद्दल लिहिते आहे त्याला पगार नाही. म्हणून संपादकांना मी आधी नाहीच म्हटलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही बसस्थानकावर नेमकं काय करता?" मी म्हटलं, "पिशवी सांभाळायला देते." ते म्हणाले, "मग तेच लिहा."

आमच्या शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, सिल्लोड-जळगावकडच्या गाड्या लागतात त्या बाजूला, एका जाड खांबाशेजारी सिमेंटचा बाक आहे. तिथं आमच्या गटातल्या बायका जोडीजोडीनं बसतात. गटात एक शिक्षिका आहेत, घरकाम करणाऱ्या दोघी आहेत, माझ्यासारख्या कॉलेजच्या मुली आहेत आणि शहागंजकडं ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान असलेल्या रेहानाआपा आहेत. आमच्याकडं पाटी नाही, गणवेश नाही. बघणाऱ्याला आम्ही गाडीची वाट बघणाऱ्या बायका वाटतो, आणि तसंच वाटायला हवं असतं. लग्नाचं किंवा कामाचं आमिष दाखवून मुलीला परमुलखात विकायला नेणाऱ्याला बस धरावी लागते. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईलाही बसच धरावी लागते. म्हणून आम्ही तिथं बसतो.

या बाकावर मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बारावीनंतर प्रवेशासाठी मी अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, सोयगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी तोवर कुणी चढलं नव्हतं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मला नव्या चपला घेतल्या होत्या. शेजारी एक बाई येऊन बसली. हातात रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवलेली मोठी पिशवी. ती म्हणाली, "बेटा, ही पिशवी जरा सांभाळतेस का? बाथरूमला जाऊन येते."

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "ठेव की. पिशवीच हाय."

ती बाई परत आली ती गप्पा मारतच बसली. कुठले, कुठं चाललात, कुणाकडं उतरणार. अण्णा पाणी आणायला उठल्याबरोबर माझ्याकडं वाकून तिनं विचारलं, "सच बोल बेटा, ये तेरे अब्बाच ना?"

अण्णा तेवढ्यात मागं वळले होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला रडू यायला लागलं. मग ते बाईच्या समोर येऊन उभे राहिले, मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "दोघांचं नाक बघा की बाई."

आमच्या घरचं नाक खरंच लपण्यासारखं नाही. बाई हसली, हात जोडून माफी मागितली आणि निघून गेली. अण्णा अजूनही गावात हा किस्सा सांगतात, पण मला पुढं कितीतरी दिवस वसतिगृहात झोपताना एकच प्रश्न पडायचा. पिशवी मांडीवर ठेवायला मी अण्णांची परवानगी का घेतली? ते विचारायला मी त्या बाईला शोधत पुन्हा बाकावर गेले. त्याच रेहानाआपा. त्या म्हणाल्या, "बैठ. बघ थोडे दिवस."

तशी मी बसले, ती बसलेच.

आपांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही की, मदत हवी का असं कुणाला विचारायचं नाही. एकट्या पोरीला गाठून "कुठं जायचंय? भूक लागलीय का? काही मदत करू का?" असं सगळ्यात आधी विचारतात ते दलालच. बिस्कीट देतात, पाणी देतात, मग सोबत करतात. आम्हीही तेच विचारलं तर तिनं आमच्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून आम्ही काही देत नाही. आम्ही मागतो. पिन मागतो, सुट्टे मागतो आणि जास्त करून पिशवी सांभाळा म्हणतो. आपल्याकडं कुणीतरी काही मागतंय म्हटल्यावर रडवेली बाईसुद्धा जरा सरळ बसते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि उत्तर देण्याआधी ती कुठं बघते, ते आम्ही बघतो. एखादी पटकन "ठेवा" म्हणते. एखादी "नाय बाई, माझी गाडी लागली" म्हणते. दोन्ही चांगलं. पण एखादी तोंड उघडायच्या आधी सोबतच्या माणसाकडं बघते. नुसतं एवढ्यावरून काही ठरत नाही. आपा म्हणतात, "नवऱ्याकडं बघून हो म्हणणाऱ्या सगळ्या बायका धरल्या ना बेटा, तर चौकीत नाही, मैदानात बसवायला लागतील." मग आणखी खुणा बघायच्या. मुलीच्या पायात कुणी नुकतीच घेऊन दिलेली कोरी चप्पल आहे का, तिचा मोबाइल दुसऱ्याच्या हातात आहे का, उतरायचं गाव तिला माहीत आहे का, दोघांची उत्तरं जुळतात का. दोन-तीन खुणा जमल्या की बसस्थानकातल्या पोलीस चौकीत जाऊन मॅडमना सांगायचं. आपण स्वतः कुणाला अडवायचं नाही, हात धरायचा नाही, फोटो काढायचा नाही.

पिशवी आपांनी स्वतः शिवलेली आहे, दुकानातल्या ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांची. आतही चिंध्याच भरलेल्या. त्याखाली वजनाला एक जुना खलबत्ता. हलकी पिशवी घेऊन कोण प्रवासाला निघतं, असं आपांचं म्हणणं. गंमत म्हणजे आम्ही हे करत असताना डोक्यावरच्या भोंग्यातून सतत सांगत असतात की अनोळखी व्यक्तीचं सामान सांभाळू नका. एकदा एका सावध गृहस्थांनी आमचीच तक्रार केली. पोलिसांनी लांबून काठीनं पिशवी उघडली आणि आतून खलबत्ता निघाला. आपा म्हणाल्या, "साहेब, चटणी वाटायची असेल तर घेऊन जा."

पिशवी घेणाऱ्याही एकेक भेटतात. एका आजीबाईंनी मी परत येईपर्यंत सगळ्या चिंध्या काढून नीट घड्या घालून ठेवल्या होत्या. वर मला म्हणाल्या, "बाईच्या जातीनं असं कोंबून भरू नये." दुसरी एक बाई मलाच रागावली. "शिकलेली दिसतीस अन् अशी कुनाच्याबी हातात पिशवी देतीस? घरी आई हाय का नाय?" एकीनं पिशवी घेतली आणि बदल्यात तिचं तान्हं बाळ माझ्या मांडीवर ठेवून ती पाणी प्यायला गेली. ती येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण तिनं परत आल्यावर बाळाचं अंगडं नीट करता करता सांगितलं की काल नवऱ्यानं या बाळासकट तिला बाहेर काढलं आणि ती सकाळपासून इथंच आहे, कुठली गाडी धरायची ते तिला कळत नाही. अशा बायका जास्त. विकायला नेलेल्या मुली त्या मानानं क्वचित दिसतात. आमचे बरेचसे दिवस नुसते बसण्यात जातात, आणि ते दिवस चांगले.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवसाकडं येते.

मी दुसऱ्या वर्षाला होते. उन्हाळा होता, दुपार होती, पंख्याखालची जागा सोडून बसस्थानकात कुणी उठत नव्हतं. बाकावर एक पन्नाशीची बाई आणि एक मुलगी येऊन बसल्या. मुलीचं नाव मी इथं कोमल ठेवते. ते तिचं खरं नाव नाही. वय अठरा-एकोणीस, साधा पंजाबी ड्रेस, आणि एवढ्या उन्हात पायात मोजे आणि कोरे करकरीत बूट. बूट मोठे होत होते, ते चालताना कळत होतं. तिचा मोबाइल बाईच्या मुठीत, तोही बंद केलेला. बाई सारखी मागं वळून बघत होती.

मी जाऊन म्हटलं, "ताई, ही पिशवी जरा सांभाळता का? बाथरूमला जाऊन येते."

कोमलनं बाईकडं पाहिलं.

"नाय जमायचं," बाई म्हणाली. "आमची गाडी यायलीय."

समोर एकही गाडी नव्हती. पण कोमलचा हात तोवर पिशवीच्या बंदावर आला होता. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि निघाले. बाथरूमकडं नाही. आमच्या रीतीप्रमाणं खांबाला वळसा घालून मागं उभी राहिले आणि आपांना खूण केली.

आपा त्यांच्या शेजारी जाऊन टेकल्या. "कहाँ जा रहे बाई?"

"परभनीला. लेक हाय माझी."

"अच्छा. नाव काय बेटा तुझं?"

"कोमल," मुलगी म्हणाली. त्याच क्षणी बाई म्हणाली, "पूजा."

आपा उठल्या आणि चौकीकडं चालू लागल्या. मी खांबामागून बघत राहिले. आपांनी शिकवलेलं सगळं जसंच्या तसं समोर बसलं होतं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता.

चौकीतल्या मॅडमनी दोघींना आत नेऊन बसवलं. माझी पिशवी कोमलच्या मांडीवर तशीच होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. बाई चिडली होती. "तुमी कोन इचारनाऱ्या? पिशव्या द्यायच्या अन् पोरीबाळींना बोलतं करायचं. तुमची टोळी वळखते मी."

आपा मला हळूच म्हणाल्या, "बघ, उलटा चोर कसा बोलतो."

बाईचा स्वतःचा फोन टेबलावर सारखा वाजत होता. पडद्यावर नाव येत होतं, भाऊ. मॅडम म्हणाल्या, उचला. ती उचलेना. शेवटी आपांनी उचलला. पलीकडून पुरुषाचा रडवेला आवाज. "माझ्या पुतनीला पळवून नेलंय हो. कुठं हाय ती?"

आपांनी फोन दोन्ही हातांनी धरला. त्या म्हणाल्या, "रोना नहीं भाई. पोरगी सुखरूप आहे. बसस्थानकावर चौकीत आहे, या तुम्ही."

बाईनं डोळे मिटून घेतले. "मेलो आता," ती पुटपुटली. आम्हाला वाटलं, पकडली गेली म्हणून म्हणते आहे.

तो माणूस निघालेलाच होता, फुलंब्री ओलांडून पुढं आला होता. फार वाट बघावी लागली नाही. पांढरे कपडे, कपाळावर घाम, आल्याआल्या आम्हा दोघींना हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचे लई उपकार झाले. आजकाल कोन कुनासाठी उभं ऱ्हातं?" मॅडमनी ओळख विचारली तेव्हा त्यानं मोबाइलमध्ये घरातल्या कुठल्याशा कार्यक्रमाचा फोटो दाखवला. फोटोत तो होता, कोमल होती, आणि ती बाईसुद्धा होती.

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"बहीन हाय माझी. सख्खी. पोरीची आत्या. म्हनून तर लाज वाटायलीय सांगाया."

तोवर त्यानं कँटीनमधून सगळ्यांना चहा सांगितला होता. माझ्या हातात कप आला. आणि आता आत्या एकदम बोलायला लागली. कोमलचा बाप नाही, घर हा चुलता बघतो. जळगावकडून एक बाई स्थळ घेऊन आली आहे. नवरा परराज्यातला, चाळिशी ओलांडलेला, घरच्या कुणी त्याचं घर पाहिलेलं नाही. हळद इथं लावली, लग्न तिकडं जाऊन लावायचं, आणि इकडचं कुणी सोबत जायचं नाही. "असं कुठं लगीन असतंय का? ही विकायची रीत हाय मॅडम. पाहटंला घेऊन निघाले तिला."

चुलता शांतपणे म्हणाला, "ऐकलं का? गरिबाच्या पोरीला चांगलं स्थळ आलं ते हिला बघवत नाय. स्वतःच्या लेकीचं जमंना म्हनून जळती. मगाशी तुमाला काय सांगितलं हिनं? माझी लेक हाय, असंच ना? नाव तरी खरं सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. दोन खोट्या गोष्टी आमच्या कानांनी ऐकल्या होत्या. त्याची एकही नाही. मला तोच खरा वाटत होता. आपांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही.

मॅडमनी मुलीचं वय विचारलं. बहीण-भाऊ त्या दिवसात पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "अठरा पुरं झालं."

"मग तुम्ही दोघंही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. "सज्ञान आहे ती. कुठं जायचं ते तीच सांगेल. बोल गं, कुणासोबत जायचं तुला?"

कोमल खाली बघत राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं. आपांनी विचारलं. तिनं मान वर केली नाही. लहानपणापासून कुणी काही न विचारलेल्या मुलीला अचानक एवढ्या माणसांसमोर एवढा मोठा प्रश्न विचारला की काय होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मी स्वतः पिशवीएवढ्या प्रश्नाला अण्णांकडं पाहिलेली मुलगी होते.

चुलता तिच्याजवळ गेला आणि मायेनं म्हणाला, "बुजरी हाय हो. बाळा, घरी जायचं ना? आई जेवली नाय सकाळपासनं. चल, गाडी उभी हाय."

कोमल उभी राहिली.

आत्यानं पदराचा बोळा तोंडात धरला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी आपांकडं. ती आता दारातून बाहेर जाणार आणि आम्हाला वाटणार की एक चांगलं काम झालं, असा तो क्षण होता.

"ती पिशवी दे त्या ताईची," चुलता म्हणाला.

कोमलनं पिशवी दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्यानं हात पुढं केला तशी ती खांदा वळवून भिंतीकडं सरकली.

"दे म्हनलं ना."

"त्या ताई बाथरूमला जाऊन येते म्हनल्यात," कोमल म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. "त्या अजून गेल्याच नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तिच्यासमोर चार हातांवर चहाचा कप घेऊन उभी होते.

चुलता हसला. "अगं येडे, त्या हितंच तर हायेत. घे म्हनावं तुमची पिशवी."

कोमलनं मान वर केली. तिनं चुलत्याकडं पाहिलं नाही, आत्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "त्या जाऊन येईस्तोवर मी पिशवी सोडनार नाय. अन् हितनं हलनारबी नाय."

मॅडम खुर्चीतून उठल्या. मला म्हणाल्या, "जा तुम्ही. जाऊन या." मग जरा थांबून, "सावकाश या." आणि चुलत्याकडं वळून, "तुम्ही बाहेर बाकावर बसायचं. मी बोलवेपर्यंत आत यायचं नाही. चहा घेऊन जा तुमचा."

मी गेले. खरंच बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिले. किती वेळ थांबायचं ते कळत नव्हतं. लवकर परतले तर तिच्या हातातून पिशवी जाणार होती. मी तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. बाहेर बसलेल्या बाईनं दार वाजवून विचारलं, "पोरी, बरी हायेस ना?" मी म्हटलं, "हो, हो, आलेच." आणि आले नाही. मी दिलेली पिशवी खोटी होती, बाथरूमचं कारण खोटं होतं, आणि त्या मुलीला त्या चौकीत धरून ठेवायला तेवढं एकच हाताशी सापडलं होतं. भिंतीला टेकून मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, आता तरी बोल.

परत आले तेव्हा कोमलचे बूट-मोजे काढून शेजारी ठेवलेले होते. पाय घोट्यापर्यंत पिवळे. हळदीचे. ती बोलत होती. हळू, तुटक, पण थांबत नव्हती. मॅडम लिहून घेत होत्या. मला बघून ती थांबली आणि पिशवी पुढं केली.

"झालं का जाऊन?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"मला आत्याकडं ऱ्हायचंय," ती म्हणाली. हे तिनं मॅडमना आधीच सांगितलं होतं, पण मलाही सांगितलं.

त्यानंतर आपा आणि आत्या यांच्यात जे बोलणं झालं ते मी विसरणार नाही. आपांनी विचारलं, "बाई, मोजे-बूट कायकू घातले तिला उन्हात?" आत्या म्हणाली, "हळदीचे पाय घेऊन बसमधी चढली आसती तर साऱ्यांनी इचारलं आसतं, नवरी कुठं चालली म्हनून." फोन बंद केला, कारण घरून फोन आला की पोर रडून परत फिरली असती. नाव बदलून सांगितलं, गाव परभणी सांगितलं, कारण कुणी शोधत आलं तर माग लागू नये. आम्ही पाठ केलेली एकेक खूण तिनं आपल्या हातानं तयार केली होती, आणि सगळ्या पोरीला वाचवण्यासाठी.

"अन् तुमी पिशवी पुढं केली," आत्या मला म्हणाली, "तवा मला वाटलं, त्या जळगाववालीचीच मानसं. आता बोलत बोलत पोरीला काढून नेतेत."

म्हणजे त्या बाकावर आम्ही त्यांना दलाल समजत होतो आणि त्या आम्हाला. आपा कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसल्या. "हम ने खुद फोन पे बुलाया उसको," एवढंच म्हणत राहिल्या. चुलत्याच्या चहाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं, तोही आता निवला होता. शेवटी आत्याच म्हणाली, "जाऊ द्या हो आपा. पोर हाय ना हितं." मग आपा हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

मॅडमनी चुलत्याला आत बोलावून कोमलचं म्हणणं त्याच्यासमोर वाचून दाखवलं. तो खूप बोलला. कोमल पुन्हा गप्प झाली होती, पण आता ते चालण्यासारखं होतं, कारण तिचं बोलून झालं होतं. त्या जळगावच्या बाईबद्दल तक्रार नोंदवली गेली. संध्याकाळच्या आत मॅडमनी दोघींना एका महिला शिपायासोबत आत्याच्या घरी वाळूजकडं पाठवलं. गाडीत बसताना तिच्या पायात बूट नव्हते. ते तिनं हातात घेतले होते.

त्या दिवशी वसतिगृहावर जाऊन मी अण्णांना फोन केला. काही कारण नव्हतं. ते म्हणाले, "आवाज असा का येतोय? बरं हाय ना?" मी म्हटलं, "लई बरं हाय." इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

सगळंच चांगलं झालं असं मात्र लिहिता येणार नाही. तक्रारीच्या वेळी असं कळलं की शेजारच्या गावची एक मुलगी त्याच बाईच्या मध्यस्थीनं आधीच गेली आहे. तिचीही हळद इकडं आणि लग्न तिकडं झालं होतं. तिचा शोध सुरू असल्याचं आम्हाला सांगतात. मी अधूनमधून मॅडमना विचारते, आणि त्या माझी चौकशी टाळत नाहीत, एवढं मी सांगू शकते. ती मुलगी गेली तेव्हा याच बसस्थानकावरून गेली असेल का, आणि त्या दिवशी बाकावर आमच्यापैकी कोण बसलं होतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही. तरी होतो.

आमच्या कामात त्या दिवसानंतर दोन बदल झाले. मुलीनं स्वतः सांगितल्याशिवाय आम्ही तिच्या घरच्या कुणालाही कळवत नाही, मग फोनवर कुणी कितीही रडो. आणि पिशवी दिली की आम्ही खांबामागं उभ्या राहत नाही. खरोखर जाऊन येतो. लक्ष ठेवायला जोडीतली दुसरी असतेच. आपांचं म्हणणं, "बोललं तर करायचं बेटा. कुणी त्याच्यावर टेकून उभं असतं."

कोमल आता आत्याकडंच राहते. एका कंपनीत पॅकिंगला जाते, आणि बारावीचा फॉर्म बाहेरून भरला आहे. पहिले काही महिने तिच्या आईनं तोंड पाहिलं नाही. मग एक दिवस डब्यात मक्याची भाकरी आणि ठेचा घेऊन ती वाळूजला आली, आणि काहीच न बोलता दोन दिवस राहून गेली. हे आत्यानं आपांच्या दुकानात ब्लाउज टाकायला आल्यावर सांगितलं. आपांनी त्या ब्लाउजची शिलाई घेतली नाही म्हणून दोघींचं भांडण झालं, तेही मी ऐकलं आहे.

परवाच्या रविवारी मी बाकावर एकटीच होते. आपा दुकानात सणाच्या शिलाईत अडकल्या होत्या आणि माझी जोडीदारीण यायची होती. समोरून एक मुलगी झपझप आली, पाठीला सॅक आणि हातात भरलेली कापडी पिशवी. पायात साधी, झिजलेली चप्पल. जवळ आल्यावर ओळखली. कोमल. सिल्लोडच्या गाडीनं आईला भेटायला एकटी निघाली होती.

मी उठायच्या आत तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "ताई, जरा सांभाळता का? बाथरूमला जाऊन येते." आणि गेलीसुद्धा.

मी बसून राहिले. पिशवीत फराळाचा डबा असावा, चिवड्याचा वास येत होता. सिल्लोडची गाडी लागली. माणसं चढायला लागली, कंडक्टर ओरडायला लागला. ती येईना. माझी जोडीदारीण आली, म्हणाली, "काय गं, कुणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, "थांब, एकीची पिशवी आहे." मला एकदा वाटलं, उठून बघून यावं. पण मग पिशवी जागेवरून हलली असती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा मात्र माझा धीर सुटत आला.

तेवढ्यात खांबामागून ती हसत पुढं आली.

"गेलेच नव्हते," ती म्हणाली. "हितंच उभी होते. म्हनलं बघावं, ताई किती वेळ थांबत्यात, अन् पिशवी घेताना कुनाकडं बघत्यात."

"मग? कुणाकडं पाहिलं मी?"

"कुनाकडंच नाय," कोमल म्हणाली, पिशवी उचलली आणि चालू गाडीकडं पळाली.